कचेरींतील संगणक आणि वापरणाराचें समाधान

समाधान ही मनाची अवस्था आहे, आणि मनाला कांहीं फूटपट्टी लावतां येत नाहीं, असें आपण सर्व जण धरून चालतों. दुधांत पाणी किती आहे हें पाहण्यास साधन आहे, अंगांत ताप किती आहे हें पाहण्यास साधन आहे. परंतु एखादा कारकून आपल्या मेजावरील संगणकावर संतुष्ट आहे कीं नाहीं, हें पाहण्यास कोणतें साधन आणावयाचें? आज ह्याच प्रश्नाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें. असें साधन गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अभ्यासकांनीं तयार केलें आहे. तें साधें आहे, स्वस्त आहे, आणि बरेंच विश्वसनीयहि आहे. मात्र तें कसें वापरावें आणि त्यानें दाखविलेल्या आंकड्यावरून काय समजावें, हें ठाऊक नसेल तर त्याच साधनानें मोठी दिशाभूल होते.

हा विषय तज्ज्ञांचा आहे, आपला नव्हे, असें मात्र समजूं नका. आज सुशिक्षित वर्गांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतील एक तरी व्यक्ति दिवसाचे सहा-आठ तास कोणत्या तरी सॉफ्टवेअरपुढें बसत नाहीं. बँकेंतील खिडकीवर बसणारा मनुष्य, शाळेंत हजेरी व गुण भरणाऱ्या शिक्षिका, रुग्णालयांत औषधांची नोंद करणारी परिचारिका, ह्या सर्वांचें काम आतां पडद्यावर चालतें. कंपनींत रजेचा अर्ज देखील पडद्यावरच करावा लागतो. घरीं आल्यावर त्यांची जी चिडचिड आपण ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून देतों, तिच्यांतील कांहीं भाग ह्या पडद्यानेंच निर्माण केलेला असतो. पुण्यामुंबईकडील पुष्कळ घरांतून तर मुलगा किंवा सून असलीं सॉफ्टवेअरें तयार करण्याच्याच धंद्यांत आहेत. म्हणजे वापरणारा आणि बनविणारा हे दोघे एकाच पंक्तीला जेवावयास बसतात, आणि तरीहि एकाची अडचण दुसऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. ती पोंचविण्याचा एक मार्ग म्हणजे हें मापन होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाजारांतील वस्तूंविषयीं लोकांचें समाधान पाहण्यास निराळी खटपट करावी लागत नाहीं. एखादा प्रेशर कुकर नीट चालत नसेल, तर गृहिणी पुढच्या खेपेस दुसऱ्या कारखान्याचा कुकर घेते. कारखानदाराला आपल्या विक्रीच्या वहींतच तिचें मत वाचावयास मिळतें. कचेरींत असें होत नाहीं. तेथें यंत्र पसंत करणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि वापरणारा तिसरा. ह्या तिसऱ्याला तें नाकारण्याची सोय नसते. नोकरी करावयाची तर तोच पडदा, तीच कळफळी, तेच सतरा रकाने! त्याची स्थिति तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी होते.

ह्यांतून एक घोटाळा उत्पन्न होतो. वरिष्ठ म्हणतात, “पाहा, रोज पांचशें लोक ही व्यवस्था वापरीत आहेत, अर्थातच ती त्यांना आवडली आहे.” रेशनच्या रांगेंत उभ्या असलेल्या माणसांची गणती करून रांगेंत उभें राहणें लोकप्रिय आहे असें ठरवावें, तशांतलाच हा प्रकार. १९९२ सालीं विल्यम डिलोन आणि एफ्रेम मॅक्लीन ह्या दोन अमेरिकन विद्वानांनीं त्या वेळपर्यंतचें पुष्कळ संशोधन एकत्र करून, कचेरींतील माहिती-व्यवस्थेचें यश कशांत पाहावें ह्याचीं सहा अंगें मांडलीं. व्यवस्थेचा दर्जा, तिच्यांतून निघणाऱ्या माहितीचा दर्जा, तिचा वापर, वापरणाराचें समाधान, त्याच्या कामावर होणारा परिणाम, आणि सबंध संस्थेवर होणारा परिणाम, अशीं तीं सहा अंगें होत. ह्यांपैकीं ‘वापर’ ह्या अंगावर पुढें बरीच टीका झाली, ती ह्याच कारणानें: जेथें वापर सक्तीचा आहे, तेथें वापराचा आंकडा फारसें कांहीं सांगत नाहीं. म्हणून कचेरींत माणसाला विचारावेंच लागतें. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही आपली म्हण येथें शास्त्राच्या पदवीला पोंचली आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां विचारावयाचें कसें? “काय, ठीक आहे ना?” असें विचारलें तर “ठीक आहे” ह्यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. मनाचें माप घेण्याची युक्ति कचेरींतील संगणकाहून जुनी आहे. १९३२ सालीं रेन्सिस लिकर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें एक पद्धति प्रसिद्ध केली. माणसापुढें एक विधान ठेवावयाचें आणि तें त्याला कितपत मान्य आहे हें ठराविक पायऱ्यांवर सांगावयास लावावयाचें: अगदीं अमान्य, अमान्य, सांगतां येत नाहीं, मान्य, अगदीं मान्य. ह्या पांच पायऱ्यांना १ ते ५ असे आंकडे दिले आणि अशा अनेक विधानांची बेरीज केली, कीं माणसाच्या मताचा कल आंकड्यांत उतरतो. एका उत्तरांत चूक होऊं शकते, लहर असूं शकते. परंतु दहा-बारा उत्तरांच्या बेरजेंत लहरी एकमेकींना बऱ्याच अंशीं छेदून जातात आणि खरें मत शिल्लक राहतें, हें ह्या युक्तीचें मर्म आहे.

संगणकाच्या बाबतींत ह्या दिशेनें पहिले मोठे प्रयत्न १९८० नंतर झाले. १९८३ सालीं बेली आणि पिअर्सन ह्या दोघां संशोधकांनीं समाधानावर परिणाम करणाऱ्या तब्बल ३९ गोष्टींची यादी केली. माहिती अचूक आहे काय, वेळेवर मिळते काय, येथपासून तों संगणक-विभागांतील मंडळी आपल्याशीं कशीं वागतात, शिक्षण पुरेसें मिळालें काय, येथपर्यंत तींत सर्व कांहीं होतें. यादी परिपूर्ण होती, परंतु लांबलचक होती; कामाच्या गर्दींत इतके प्रश्न कोण सोडविणार? १९८८ सालीं डॉल आणि तोर्कझादे ह्यांनीं केवळ १२ प्रश्नांची आटोपशीर प्रश्नावलि सिद्ध केली व समाधानाचे पांच घटक वेगळे करून दाखविले. ते घटक म्हणजे मजकूर, अचूकपणा, मांडणी, सुलभता आणि वेळेवरपणा.

पगार-विभागांतील एका कारकुनाचें उदाहरण घेतलें म्हणजे हे पांच घटक लगेच ध्यानांत येतील. त्याला हवी ती माहिती पडद्यावर येते काय, हा मजकुराचा प्रश्न. ती बरोबर असते काय, कीं शेवटीं त्याला बेरजा कागदावर पुन्हां तपासाव्या लागतात, हा अचूकपणाचा. पगारपत्रक डोळ्यांना सरळ दिसतें काय, कीं नांव एका टोंकाला आणि रक्कम दुसऱ्या टोंकाला, हा मांडणीचा. एक साधी दुरुस्ती करण्यास तीन कळी लागतात कीं तेरा, हा सुलभतेचा. आणि महिन्याची अखेर आली असतां माहिती त्याच दिवशीं मिळते कीं दोन दिवसांनीं, हा वेळेवरपणाचा. अशी फोड केल्यानें मोठा फायदा होतो. ‘लोक नाराज आहेत’ एवढेंच कळून उपाय सुचत नाहीं. ‘अचूकपणाविषयीं समाधान आहे, पण मांडणीविषयीं नाहीं’ असें कळलें, म्हणजे कोठें हात घालावयाचा तें समजतें.

तथापि आज जगांत सर्वांत अधिक प्रसिद्ध झालेली प्रश्नावलि ह्याहूनहि लहान आहे. इंग्लंडांतील रेडिंग ह्या गांवीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या संगणक-कंपनींत काम करणाऱ्या जॉन ब्रूक ह्यांनीं १९८६ सालीं ती तयार केली, आणि १९९६ सालीं ती एका ग्रंथांत छापून आली. तिचा जन्मच मुळीं कचेरीच्या कामासाठीं असलेल्या संगणक-व्यवस्थांची पारख करण्याकरितां झाला. ब्रूक स्वतः तिला झटपट व ओबडधोबड असें म्हणत; परंतु ह्या ओबडधोबड मापानें चांगलेंच मूळ धरलें. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एस-यू-एस’ म्हणतात; आपण तिला सुलभता-मापन म्हणूं.

ह्या प्रश्नावलींत दहा विधानें आहेत. पहिलें, तिसरें, पांचवें अशीं विषम विधानें व्यवस्थेची स्तुति करणारीं; दुसरें, चौथें, सहावें अशीं सम विधानें तिची निंदा करणारीं. एका विधानाचा आशय असा, कीं ही व्यवस्था वापरावयास सोपी वाटली. दुसऱ्याचा असा, कीं ती विनाकारण गुंतागुंतीची आहे. आणखी एकाचा असा, कीं जाणत्या माणसाच्या मदतीवांचून मला ती वापरतां येणार नाहीं. स्तुति व निंदा अशी आळीपाळीनें कां ठेवली? कारण पुष्कळ माणसांना ‘मान्य, मान्य’ असें न वाचतांच लिहीत जाण्याची खोड असते. मध्येंच उलट विधान आलें म्हणजे त्यांना थांबून वाचावें लागतें. ह्या युक्तीचा एक तोटाहि आहे: घाईंत असलेला मनुष्य कधीं कधीं उलट विधानावर उलटीच खूण करून मोकळा होतो. म्हणून उत्तरें तपासणारानें परस्परविरोधी कागद वेगळे काढून पाहावे हें बरें.

गुण काढण्याची रीत घरबसल्या करतां येईल इतकी सोपी आहे. विषम विधानांच्या आंकड्यांतून १ वजा करावयाचा. सम विधानांचा आंकडा ५ मधून वजा करावयाचा. सगळ्यांची बेरीज करून तिला अडीचनें गुणावयाचें. समजा, एका कारकुनानें विषम विधानांना ४, ४, ३, ४, ३ असे आंकडे दिले. प्रत्येकीं एक वजा जातां बेरीज १३ झाली. सम विधानांना त्यानें २, २, ३, २, ४ असे दिले. ते ५ मधून वजा करून बेरीज १२ झाली. दोन्ही मिळून २५, आणि अडीचनें गुणून ६२॥. शून्य हा नीचांक, शंभर हा उच्चांक. त्यामध्यें आपल्या कारकुनाचें मत ६२॥ वर पडलें.

येथें सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. हे शेंकडा गुण नव्हेत. शाळेंत ६२ म्हणजे पहिला वर्ग, म्हणून येथेंहि पहिला वर्ग, असें समजणें चुकीचें आहे. जेफ सॉरो ह्या अभ्यासकानें सुमारें ५०० मापनें एकत्र केलीं, तेव्हां त्यांची सरासरी ६८ आली. म्हणजे ६२॥ हा आंकडा मध्यमाच्या खालचा आहे. कोणत्याहि मापाचा अर्थ तुलनेनेंच लागतो. ताप १०० असला तर आपण घाबरत नाहीं आणि १०४ असला तर घाबरतों, तें निरोगी अंगाची उष्णता आपणांस ठाऊक असते म्हणून.

तापाचा दाखला आणखी एका कारणानें योग्य आहे. थर्मामीटर ताप आहे एवढें सांगतो. तो हिंवताप आहे कीं विषमज्वर, हें सांगत नाहीं. सुलभता-मापनाचें तसेंच आहे. आंकडा कमी आला तर कोठें तरी बिघाड आहे हें कळतें, तो कोठें आहे हें कळत नाहीं. त्यासाठीं वापरणाराजवळ बसून त्याचें काम पाहावें लागतें, त्याला बोलूं द्यावें लागतें. ज्या संस्था आंकडा काढून तेथेंच थांबतात, त्या रोग्याच्या काखेंत थर्मामीटर लावून औषध दिल्याचें समाधान मानतात!

आतां ह्या मापनावर प्रत्यक्षांत काय अवलंबून असतें, ह्याचें एक खरें उदाहरण देतों. अमेरिकेंत २००९ सालच्या एका कायद्यानें रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या डॉक्टरांना व रुग्णालयांना सरकारी पैशाचें उत्तेजन मिळालें, आणि थोड्याच वर्षांत कागदी नोंदी जवळजवळ नाहींशा झाल्या. हेतु उत्तम होता. परंतु २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, निरीक्षकांनीं ५७ डॉक्टरांच्या कामाचा वेळ मोजला, तेव्हां असें दिसून आलें, कीं रुग्णासमोर घालविलेल्या प्रत्येक तासामागें जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदी आणि मेजावरील इतर काम ह्यांत जात होते. शिवाय रात्रीं घरीं गेल्यावर आणखी एक-दोन तास, तेहि मुख्यतः त्याच नोंदींत.

पुढें एडवर्ड मेलनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्याच सुलभता-मापनाच्या दहा विधानांनीं अमेरिकन डॉक्टरांचें मत घेतलें. ८७० डॉक्टरांनीं उत्तरें दिलीं, आणि सरासरी गुण पडले ४५.९! ह्या आंकड्याचा अर्थ कळावा म्हणून त्याच मापानें मोजलेल्या इतर परिचित वस्तूंचे गुण पाहा. गुगलवरील शोध ९३, स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी ८७, बँकेचें पैसे देणारें यंत्र ८२, हिशेबाच्या कामाचें एक्सेल ५७. म्हणजे ज्या साधनावर रोग्याचा जीव अवलंबून, तें दूध तापविण्याच्या भट्टीच्या निम्म्याच्या आसपास! ह्याच पाहणींत असेंहि आढळलें, कीं ज्या डॉक्टरांनीं एक गुण अधिक दिला, त्यांच्यांत कामाच्या ओझ्यानें थकून मन उडून जाण्याचा संभव सुमारें ३ टक्क्यांनीं कमी होता.

येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन गोष्टी बरोबरीनें चालतात एवढ्यावरून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. आधींच थकलेल्या डॉक्टरास सर्वच वस्तु वाईट दिसत असतील, हेंहि शक्य आहे. तथापि वेळेचें मोजमाप आणि मनाचें मोजमाप ह्या दोन निरनिराळ्या वाटांनीं जाऊन एकाच ठिकाणीं पोंचलीं, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं. ‘डॉक्टर कुरकुर करतात’ हें पूर्वीं केवळ ऐकीव होतें. आंकडा हातीं आल्यावर ती कुरकुर राहिली नाहीं. तो पुरावा झाला, आणि सॉफ्टवेअर विकणारांना व रुग्णालयांच्या चालकांना त्याचें उत्तर देणें भाग पडूं लागलें. मापनाचा खरा उपयोग हाच आहे.

आतां मापन बिघडतें कशानें, तें पाहूं. पहिलें कारण भीति. कागदावर नांव नसलें तरी शाखा, हुद्दा व वय लिहून घेतलें, आणि शाखेंत माणसें चारच असलीं, तर नांव न लिहिल्याचा उपयोग काय? अशा ठिकाणीं सर्व कांहीं उत्तम असल्याचींच उत्तरें येतात, आणि ज्यानें ती व्यवस्था विकत घेतली त्या अधिकाऱ्याची बढती होते.

दुसरें कारण निवड. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें, पण पातेल्याच्या एकाच बाजूचें शीत पाहून चालत नाहीं. दुपारीं मोकळा वेळ मिळणारे लोक प्रश्नावलि भरतात. खिडकीवर ज्यांच्यापुढें रांग लागलेली असते, त्यांना ती उघडण्यासहि फुरसत नसते. म्हणजे ज्यांचें मत सर्वांत महत्त्वाचें, त्यांचेंच मत वगळलें जातें. ज्यांनीं कंटाळून नोकरीच सोडली, त्यांना तर कोणीच विचारीत नाहीं.

तिसरें कारण सरासरी. शंभर माणसांपैकीं पन्नास जणांनीं ९० गुण दिले आणि पन्नास जणांनीं ४०, तर सरासरी ६५ येते. ६५ म्हणजे बरें आहे, असें म्हणून कागद मिटला जातो. वस्तुतः ६५ गुण देणारा मनुष्य त्या कचेरींत एकहि नसतो! पुष्कळदां असें होतें, कीं तयार पत्रकें वाचणारे वरिष्ठ ९० देणारे असतात आणि तीं पत्रकें भरणारे कनिष्ठ ४० देणारे. म्हणून वर्गवार आंकडे मांडल्यावांचून सरासरी सांगूं नये.

चौथें कारण वेळ. नवी व्यवस्था आली त्याच आठवड्यांत विचारलें, तर जुन्या संवयीचा वियोग बोलतो. दोन वर्षांनीं विचारलें, तर रोज मरे त्याला कोण रडे, अशी स्थिति झालेली असते. माणूस अडचणींना इतका सरावतो, कीं त्या अडचणी आहेत हेंच विसरतो. ह्याकरितां जुनी व्यवस्था काढण्यापूर्वींच एकदां माप घ्यावें, आणि नवी आल्यावर कांहीं महिन्यांच्या अंतरानें तें पुन्हां घ्यावें. पूर्वींचें माप नसेल, तर नव्या व्यवस्थेला मिळालेले ५५ गुण ही चढती कळा कीं उतरती, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं.

समाधान हें सर्वस्व आहे, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. १९९८ सालीं ठरलेल्या आणि २०१८ सालीं सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत कोणत्याहि व्यवस्थेच्या उपयुक्ततेचीं तीन अंगें सांगितलीं आहेत: काम नीट पुरें होणें, तें बेताच्या श्रमांत होणें, आणि वापरणारास समाधान वाटणें. हीं तिन्ही बहुधा एकत्र नांदतात, पण नेहमींच नव्हे. दिसावयास देखणी व्यवस्था आवडते आणि तींत चुका मात्र अधिक होतात, असेंहि घडतें. म्हणून समाधानाच्या मापाबरोबर चुका किती झाल्या आणि वेळ किती लागला, हींहि मापें घ्यावींत.

परंतु असमाधान हा मात्र नेहमींच लक्ष देण्याजोगा इशारा असतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, ह्याचें भयंकर उदाहरण इंग्लंडच्या टपालखात्यांत घडलें. तेथें १९९९ पासून होरायझन नांवाची संगणक-व्यवस्था बसविण्यांत आली. खेड्यापाड्यांतील टपालकचेऱ्या चालविणारे लोक सांगूं लागले, कीं यंत्र दाखवितें ती तूट आमच्या हिशेबांत नाहीं. त्यांच्यापैकीं अनेकांनीं पुढें साक्षींत सांगितलें, कीं मदतीसाठीं दूरध्वनि केला असतां, अशी अडचण दुसऱ्या कोणालाच नाहीं, असें उत्तर मिळालें. यंत्र खरें आणि माणूस खोटा, असें धरून खटले झाले. १९९९ ते २०१५ ह्या काळांत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, कांहीं तुरुंगांत गेले, कित्येकांचें दिवाळें निघालें. डिसेंबर २०१९ मध्यें उच्च न्यायालयानें त्या व्यवस्थेंत दोष होते असा निकाल दिला. २०२१ सालीं अपील-न्यायालयानें एकाच दिवशीं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. आणि २०२४ सालीं पार्लमेंटला खास कायदा करून उरलेल्यांपैकीं बहुतेकांना दोषमुक्त करावें लागलें.

ह्या प्रकरणांत कायद्याच्या आणि सचोटीच्या ज्या गोष्टी आहेत, त्या आजच्या विषयाच्या बाहेरच्या आहेत. आपणांस त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे, कीं प्रत्येक तक्रार एकेकट्या माणसाचा दोष म्हणून ऐकली गेली, तर शेंकडों तक्रारी असूनहि त्या एकट्याच राहतात. त्या एका ठिकाणीं आणून मोजल्या, म्हणजे मगच त्यांचा आवाज ऐकूं येतो. ‘हें फक्त तुम्हांलाच होतें’ ह्या वाक्याला खरें उत्तर रागानें देतां येत नाहीं. तें आंकड्यानेंच देतां येतें.

मग कचेरीच्या चालकांनीं काय करावें? प्रश्न थोडे विचारावे. दहा-बारांहून अधिक नकोत. उत्तर देणारा ओळखूं येणार नाहीं, ह्याची खरी व्यवस्था करावी. उत्तर भरण्यास कामाच्या वेळांतूनच दहा मिनिटें द्यावींत. शेवटीं एक मोकळी जागा ठेवून, ‘कोणती एक गोष्ट बदलली तर आपलें काम सर्वांत सोपें होईल?’ एवढें विचारावें. आंकड्यांनीं ताप कळेल, पण रोगाचें नांव पुष्कळदां ह्या एका ओळींत सांपडेल. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, निघालेला आंकडा सर्वांना सांगावा आणि त्यावरून निदान एक तरी सुधारणा करून दाखवावी. विचारून कांहींच न करणें हें न विचारण्याहून वाईट. कारण पुढच्या खेपेस लोक उत्तर देत नाहींत, अथवा देतात तें खरें नसतें.

आणि श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांच्यापुढें असा कागद येईल, त्यांनाहि माझें एक सांगणें आहे. “कसें काय?” असें कोणी विचारलें असतां “बरें चाललें आहे” असें म्हणण्याची आपली रीत सभ्यपणाची आहे, ती पाहुण्यांशीं बोलतांना शोभते. प्रश्नावलि हा पाहुणा नव्हे. तेथें भिडेखातर लिहिलेलें ‘मान्य’ हें आपल्या शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याच्या अडचणीवर घातलेलें पांघरूण होतें. रागानें सर्वत्र ‘अगदीं अमान्य’ लिहिणेंहि तितकेंच निरुपयोगी आहे. जसें आहे तसें लिहावें. यंत्राला मन नसतें, म्हणून तें आपली अडचण सांगूं शकत नाहीं. मनुष्याला तें आहे, आणि त्याचें माप घेण्याची रीतहि आतां उपलब्ध आहे. मापणारानें ती प्रामाणिकपणें वापरावी आणि मापून घेणारानें प्रामाणिकपणें उत्तर द्यावें, इतकेंच काय तें राहिलें आहे.